खिडकी बंद करण्याचा अर्ज

मुलांनो,

गेल्या रविवारी फोनवर थोरलीनं विचारलं, "आजी, कॉलनीच्या ग्रुपमधून तुला काढून टाकलं म्हणे? बाबा म्हणाले, तू गर्दुल्ल्यांची बाजू घेतलीस." गॅसवर दूध आहे, नंतर बोलू, असं म्हणून मी फोन ठेवला. गॅसवर दूध नव्हतं.

तुमच्या बाबांना मी हे तीनदा सांगायचा प्रयत्न केला. दर वेळी दुसऱ्याच मिनिटाला ते म्हणतात, "आई, तुझं वय काय, तू करतेस काय." म्हणून आता तुम्हाला लिहिते. आणखी उशीर केला तर तुमच्या डोक्यात त्यांची गोष्ट पक्की होईल. त्या गोष्टीत मी म्हातारपणी बिघडलेली बाई आहे. उलट कुणी माझ्या बाजूनं सांगितली तर त्यात मी फार दयाळू असेन. दोन्ही खोटं आहे. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला वाचायला सोपं गेलं असतं, पण या प्रकरणात माझ्या इंग्रजीनं पुरेसं करून ठेवलं आहे. सावकाश वाचा. नावं विचारू नका, मी कुणाचंच लिहिणार नाही.

मी हायस्कुलात एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं, हे तुम्हाला माहीत आहे. निवृत्त झाल्यावर कॉलनीनं मला अर्ज लिहायच्या कामाला लावलं, हे माहीत नसेल. धारवाडात शिकलेल्या माणसांची कमी नाही. आपल्या कॉलनीतच प्राध्यापक आहेत, वकील आहेत, मोठ्या हुद्द्यावरून उतरलेले अधिकारी आहेत. पण सरकारला काही कळवायचं म्हटलं की प्रत्येकाला वाटतं, इंग्रजीत असेल तरच साहेब वाचेल, आणि इंग्रजी लिहावं तर बाईंनी. रस्त्यावरचे दिवे, मोकाट कुत्री, पेन्शनमधली चूक, तारांवर कलंडलेलं झाड, सगळं माझ्या टेबलावरून गेलं. माझा साचा ठरलेला होता. आधी विषय, मग तक्रार, तक्रारीखाली एक उदाहरण, शेवटी मागणी. उदाहरणाशिवाय विधान करायचं नाही, हे मी वर्गात शिकवत आले आणि स्वतःही पाळत आले. प्रत्येक अर्जाची एक प्रत फायलीला. तुमचे आजोबा वकील असून म्हणायचे, "तुझ्यापुढे माझा कारकून लाजेल."

कॉलनीच्या कोपऱ्यावर सरकारी दवाखाना आहे. त्याच्या मागच्या भिंतीला एक खिडकी आहे. सकाळी नऊ ते बारा तिथं एक नर्स बसते. सुईनं नशा करायची सवय लागलेल्या माणसांना तिथं रोज औषध मिळतं. त्या औषधानं अंग मोडून येत नाही, सुईची तलफ दबते, माणूस उठून कामावर जाऊ शकतो. नर्स गोळी कुटून तिची पूड करते आणि आपल्यासमोर जिभेखाली ठेवायला लावते. पूड विरघळेपर्यंत गिळायचं नाही, बोलायचं नाही. म्हणून खिडकीसमोरच्या कट्ट्यावर आठ-दहा माणसं तोंड मिटून, मान खाली घालून बसलेली दिसतात.

हे मला आज माहीत आहे. तेव्हा कॉलनीतल्या एकालाही माहीत नव्हतं, आणि कुणी विचारायला गेलं नाही. आम्ही सकाळी फिरायला निघायचो, रस्त्याच्या पलीकडून बघायचो आणि म्हणायचो, बघा, सकाळी सकाळी नशेत सुन्न होऊन बसलेत, बोलायचीसुद्धा शुद्ध नाही.

मग एके दिवशी कॉलनीचे अध्यक्ष आले. वीज खात्यातून निवृत्त झालेले, मोठ्या आवाजाचे गृहस्थ. त्यांचं मराठी कन्नडच्या अंगानं जातं. "मॅडम, आता तुम्हीच एक कडक लिहायचं बघा. असं लिहायचं की साहेबाची खुर्ची हलली पाहिजे."

मी लिहिलं. एका दुपारी बसून, दोनदा खोडून, तिसऱ्यांदा स्वच्छ. तोवर मी त्या खिडकीच्या पन्नास पावलांत गेले नव्हते. तरी मी लिहिलं की हे केंद्र म्हणजे परिसरातल्या स्त्रियांना आणि मुलांना कायमचा धोका आहे. इंग्रजीत ते वाक्य असं घोटीव उतरलं होतं की मी ते मोठ्यानं वाचून बघितलं. उदाहरण म्हणून दिलं: एका ज्येष्ठ नागरिक महिलेला सकाळचा फिरण्याचा रस्ता बदलावा लागला. ती महिला मीच. रस्ता बदलला होता तो खड्ड्यांमुळे.

पहिली सही माझी. खाली अख्ख्या कॉलनीच्या.

महिन्याभरानं उत्तर आलं. पुढच्या महिन्यापासून केंद्र हुबळीच्या मोठ्या दवाखान्यात हलवण्यात येईल. तोपर्यंत नागरिकांच्या सुरक्षेसाठी दारात एक पोलीस राहील. अध्यक्षांनी घरोघर पेढे वाटले. मला दोन खोकी.

आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, हे तुम्ही सुट्टीत अनुभवलेलं आहे. ज्या दिवशी येतं त्या दिवशी अंगणातली खालची टाकी भरून घ्यायची आणि मोटर लावून वर चढवायचं. पेढे खाल्ल्याच्या पुढच्या आठवड्यात ऐन पाण्याच्या दिवशी आपली मोटर घूं करून बंद पडली. मी मोटरवाल्याला फोन केला.

हा मोटरवाला तुम्ही पाहिला आहे. चाळिशी ओलांडलेला, किडकिडीत, शर्टाच्या खिशाला टेस्टर अडकवलेला. धाकट्याला त्यानं कपॅसिटर उघडून दाखवला होता. चार वर्षं अख्ख्या कॉलनीच्या मोटरी त्याच्याकडे होत्या. लोक लग्नाला गावी जाताना घराची किल्ली त्याच्याकडे ठेवायचे, पाणी आलं तर चढव म्हणून. टाकीत उतरायचं असलं की पाय साबणानं धुऊन उतरायचा. मला अक्का म्हणायचा.

फोन बंद. दुसऱ्या दिवशीही बंद. तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला तो फाटकात उभा राहिला आणि मला आधी वाटलं, ताप आहे. नाक गळत होतं, शर्ट पाठीला चिकटला होता. पेचकस स्क्रूवर धरायला गेला तर तो तीनदा घसरला. मग पायरीवर बसला.

"डॉक्टरकडे गेलास का?"

"डॉक्टरकडंच जाता येईना झालंय, अक्का." तो कन्नडमध्ये बोलत होता, मी मराठीत देते आहे. "खोटं कशाला बोलू. मी त्या खिडकीवर जातो. चार वर्षं झाली."

माझ्या हातात त्याच्यासाठी आणलेला पाण्याचा तांब्या होता. तो मी खाली ठेवला.

त्यानं सांगितलं ते थोडक्यात असं. तारिहाळच्या एका कारखान्यात तो कामाला होता. पाठीवर लोखंड पडलं. दुखणं थांबायला इंजेक्शनं दिली, दुखणं गेलं पण इंजेक्शन सुटलं नाही. भावांनी धरून हुबळीबाहेरच्या एका खासगी व्यसनमुक्तीगृहात नेऊन टाकलं. तिथं डोकं भादरलं, पहाटे गार पाण्याच्या हौदात उभं केलं, आणि पळून जाऊ नये म्हणून पायात साखळी. तीन महिन्यांनी "सुधारला" म्हणून बाहेर सोडलं. त्याच दिवशी त्यानं पूर्वीच्याच मापानं सुई घेतली. शरीराची सवय मोडलेली, मापाची आठवण तशीच. रिक्षावाल्यानं दवाखान्यात टाकला म्हणून वाचला. त्यानंतर कुणीतरी ही खिडकी दाखवली.

"मग तीन दिवस का गेला नाहीस?"

"दारात पोलीस बसवलाय. पहिल्या दिवशी खिसे उलटे केले, नाव लिहून घेतलं, फोटो काढला. म्हणाला, तुमची सगळ्यांची यादी करायची आहे. रांगेतले निम्मे येईनासे झाले. दोघे परत सुईवर गेले, अक्का, एकाच सुईवर." मग थांबून म्हणाला, "आणि पुढच्या महिन्यात हुबळी. रोज सकाळी हुबळीला गेलो तर इथलं काम कोण देईल? पाणी येतं ते सकाळीच."

त्यानं शर्टाच्या बाहीनं नाक पुसलं. तो म्हणाला, "सगळे म्हणतात अक्कानी अर्ज लिहिला की काम होतं. आमच्यासाठी एक लिहून द्याल का? खिडकी बंद करू नका म्हणून?"

ती बंद करायचा अर्ज माझ्याच हातचा आहे, हे मी त्या पायरीवर त्याला सांगायला हवं होतं. मी म्हणाले, "बघते." एकतीस वर्षं मी ‘व्यसन : एक शाप’ हा निबंध तपासला. समाजानं व्यसनी माणसाला दूर ठेवावं, असं लिहिणाऱ्या मुलांच्या वहीत मी शाबासकीचे शेरे मारले. एकाही मुलाला मी विचारलं नाही, दूर म्हणजे कुठं?

दुसऱ्या दिवशी मी त्याच्याबरोबर गेले. जरीच्या काठाची साडी, हातात छत्री, पांढरे केस. पोलीस उठून उभा राहिला. "आजी, तुम्ही कुठं इकडं?"

"औषधाला."

"हे त्यांचं आहे, आजी, तुमचा दवाखाना पुढच्या बाजूला."

"हे माझ्याबरोबर आहेत. यांचे खिसे बघायचे असतील तर आधी माझी पर्स बघा." मी उघडून धरली. त्यानं तोंड फिरवलं. मोटरवाल्याला औषध मिळालं. नर्स मला म्हणाली, "उद्यापासून तुम्ही सगळ्यांबरोबर येणार का मावशी? तो अर्ज कुणी लिहिला देवाला ठाऊक. इंग्रजी येणाऱ्या लोकांनी आमची वाट लावली." मी तिलाही सांगितलं नाही.

मग मी ज्या आरोग्य कार्यालयात अर्ज पाठवला होता तिथं गेले. साहेब तरुण, थकलेला, सभ्य. मी म्हणाले, केंद्र हलवू नका. त्यानं फाईल काढली आणि माझाच अर्ज मला वाचून दाखवला. ‘कायमचा धोका’ या वाक्याशी थांबून म्हणाला, "असं पत्र आल्यावर मी काय करणार, मॅडम? असं इंग्रजी आमच्याकडे कुणी लिहीत नाही. वर गेलं ते तसंच मंजूर होऊन आलं."

"ते मी लिहिलं आहे. मला काहीच माहीत नव्हतं."

त्यानं फाईल मिटली. "मग कॉलनीचा ठराव आणा, की तक्रार मागे घेतो. एकट्याच्या सांगण्यावर नाही फिरवता येत."

रविवारी सकाळी देवळाच्या हॉलमध्ये सभा लावली. उप्पीट आणि चहा झाल्यावर अध्यक्षांनी मला उभं केलं. मी कशासाठी सभा मागितली हे आधीच फिरलं होतं.

"मॅडम, अर्ज कुणी लिहिला?"

"मी."

"पहिली सही कुणाची?"

"माझी."

"आणि आता अर्ज मागे घ्या म्हणतंय कोण?"

"मीच."

"मग आधी तुम्ही तुमच्याशीच मीटिंग घ्या की! ठराव झाला की आम्हाला कळवा." हॉल हसला. मी हसू थांबेपर्यंत उभी राहिले. वर्गात तसंच करायचे.

मग मी बोलले. म्हणाले, ते तिथं नशा करायला येत नाहीत, नशेतून बाहेर राहायला येतात. तोंड मिटून बसतात ते औषध विरघळावं म्हणून. दारात पोलीस बसवला की नशा थांबत नाही, औषध थांबतं. औषध थांबलं की सुई परत येते, एक सुई चौघांत फिरते, आणि त्या सुईतून जे रोग जातात ते पुढे त्यांच्या बायकांकडे जातात. मी रोज रक्तदाबाची गोळी घेते, ती देताना दुकानदार माझ्याकडे चारित्र्याचा दाखला मागत नाही.

मागून आवाज आला, "रक्तदाब आपण हौसेनं विकत आणत नाही, बाई."

"माझे यजमान सिगारेटीनं गेले," मी म्हणाले. "तीही हौस होती. धारवाडातल्या एकाही डॉक्टरनं त्यांना, हौसेचं दुखणं आहे, हुबळीला जा, असं म्हटलं नाही. तुम्ही सगळे त्यांना भेटायला मोसंबी घेऊन येत होता."

आपल्या शेजारच्या वहिनी पहिल्या रांगेत होत्या. तुम्ही त्यांच्या घरी कडबू खाल्ले आहेत. तीस वर्षं आमच्या दोन घरांत वाट्यांची ये-जा. त्या बसूनच म्हणाल्या, "एवढा कळवळा आलाय तर तो कट्टा तुमच्या अंगणात बांधा. मी सगळ्यांना चहा आणते सकाळी. आरतीचं ताटही आणू का?"

पुन्हा हशा. मला राग आला. खरं सांगते, तोवर मला वाईट वाटत होतं, पण राग आला तो तेव्हा. आणि नेमकं तेव्हाच एक निवृत्त प्राध्यापक उठले. शांतपणे म्हणाले, "बाई, भावना बाजूला ठेवू. या औषधानं माणूस सरळ राहतो म्हणता. एक उदाहरण द्या. एकच."

उदाहरणाशिवाय विधान करायचं नाही. एवढंच माझ्या डोक्यात होतं.

मी म्हणाले, "देते. ज्याच्या हातात तुम्ही घराची किल्ली ठेवून गावाला जाता, जो तुमच्या मोटरी दुरुस्त करतो, जो पाय धुऊन तुमच्या टाकीत उतरतो, तो चार वर्षं त्या खिडकीवरचं औषध घेतो आहे. चार वर्षांत कुणाच्या घरातला चमचा तरी हलला का?"

या वेळी कुणी हसलं नाही. फळ्यावर गणित बरोबर सुटल्यावर वाटतं तसं मला वाटलं. मी नाव घेतलं नव्हतं, आणि नाव घेतलं नाही याचा मला अभिमानसुद्धा वाटला.

मग एक बाई म्हणाली, "टाकीत? आपल्या पिण्याच्या टाकीत?"

त्यानंतर सगळे एकदम बोलायला लागले. वहिनी उठल्या, माझ्याजवळ आल्या. आता त्या हसत नव्हत्या. "मी बाजारात असताना माझी सून एकटी घरात होती आणि मी त्याला आत घ्यायला सांगितलं होतं. तुम्हाला हे माहीत होतं आणि तुम्ही मला बोलला नाहीत?"

"मला आठ दिवसांपूर्वी कळलं."

"आठ दिवस पुष्कळ झाले, बाई."

ठरावाला हात वर करायला सांगितलं. माझा एकटीचा वर गेला. प्राध्यापकांनी हात अर्धा उचलला आणि चष्मा सारखा केला.

त्या दिवशी दुपारपर्यंत ग्रुपवर नव्या मोटरवाल्याचा नंबर आला. दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलनीत जे झालं ते मी अंगणातून पाहिलं. आठ दिवसांतून एकदा येणारं पाणी, ज्याच्यासाठी हे लोक घागरीवरून भांडतात, ते त्यांनी टाक्यांतून उपसून रस्त्यावर सोडलं. प्रत्येक घरातून. टाक्या ब्लीचिंग पावडरनं घासल्या. गटारातून दोन तास पाणी वाहत होतं. अध्यक्ष लुंगी खोचून स्वतः उभे होते. मला बघून म्हणाले, "तुमची धुवायची नसेल, मॅडम. तुम्हाला चालतं." संध्याकाळी मला ग्रुपमधून काढलं.

तुमच्या बाबांचा फोन आला तो त्याच दिवशी. अध्यक्षांचा मुलगा त्यांच्या वर्गात होता. "आई, आम्ही इतक्या लांब. उद्या तुला काही झालं तर शेजारी लागतात. ते खिडकीवाले येणार आहेत का?" मी म्हणाले, "मोटर बिघडली तर आला असता. आता नाही येणार." त्यांना त्यातलं काही कळलं नाही आणि मी समजावलं नाही.

सभेनंतरच्या मंगळवारी मी खिडकीकडे गेले. पर्समध्ये नवा अर्ज होता. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं इंग्रजी त्यात होतं. औषध मिळणं हा माणसाचा हक्क आहे, बक्षीस नाही. आजारी माणसांची पोलिसात यादी करणं म्हणजे त्यांना आजारात परत ढकलणं आहे. असं सगळं नीट मुद्द्यांनी मांडलं होतं.

तो कट्ट्यावर बसला होता. नुकतंच औषध घेतलेलं. तोंड मिटलेलं. मी शेजारी बसले. बोलायचं ते मी आताच बोलायचं ठरवलं होतं, आणि आता तो उत्तर देऊ शकत नव्हता. मी सांगितलं. पहिला अर्ज माझा होता. पोलीस माझ्यामुळे आला. पायरीवर तू मला विचारलंस तेव्हा मी लपवलं. सभेत मी नाव घेतलं नाही, पण… त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. समोर भिंतीकडे बघत जीभ न हलवता बसून राहिला. कट्ट्यावरचे बाकीचेही तसेच. त्या शांततेत मी बोलत होते आणि माझंच बोलणं मला ऐकू येत होतं. किती वेळ गेला कुणास ठाऊक. पाच मिनिटं असतील, सात असतील.

मग त्यानं तोंड पुसलं.

"नाव घेतलं नाही म्हणता. मग रविवारपासून मला कामाचा एकही फोन का आला नाही?"

मी पर्स उघडायला घेतली.

"अर्ज तुमचा होता ते मला अध्यक्षांनी सांगितलं. फोन करून सांगितलं, अक्का. म्हणाले, तुझ्या अक्कानीच सगळं केलंय, आता तिच्याकडंच जा. ते मी सोसलं असतं. अर्ज लिहिताना मी तिथला आहे हे तुम्हाला माहीत नव्हतं. सभेत बोलताना माहीत होतं."

मी पर्समधून कागद काढला. त्यानं हातात घेतला नाही. "ब्याड री," म्हणाला. नको. "तुम्ही लिहिलं की काय होतं ते आम्ही बघितलं. आमचं आम्ही लिहितो."

"इंग्रजीत असेल तर साहेब..."

"साहेबाला कन्नड येतं."

पलीकडे बसलेला एकजण, ज्याला मी ओळखतही नव्हते, तोंडात पूड असताना हसला आणि नर्स आतून ओरडली, "ए, सांडेल!"

त्यांनी त्याच आठवड्यात लिहिलं. नर्सनं मला नंतर त्याची प्रत वाचायला दिली. वहीचं फाडलेलं एक पान, कन्नडमध्ये, ओळी वाकड्या. विषय नाही, मुद्दे नाहीत. ‘आम्ही रोज इथं औषध घेतो. औषध घेऊन कामाला जातो. रोज हुबळीला गेलो तर काम जाईल. दारात पोलीस असला तर आम्ही येणार नाही. नाही आलो तर परत सुई घेऊ. आमची यादी पाहिजे असेल तर ही घ्या, आम्हीच देतो.’ आणि खाली नावं. ज्याला सही येते त्याची सही, बाकीच्यांचे अंगठे. पहिलं नाव मोटरवाल्याचं. आधी त्याचं नाव मी उघडं केलं होतं. नंतर त्यानं ते स्वतः लिहिलं. या दोन गोष्टींतला फरक मी तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही.

तो कागद घेऊन ते सगळे कामाच्या कपड्यांत साहेबाकडे गेले. मी गेले नाही. मला कुणी बोलावलं नाही. साहेबानं त्यांना खुर्च्या दिल्या, असं नर्स म्हणाली. खुर्च्या कमी पडल्या म्हणून तोही उभा राहिला. कॉलनीच्या तक्रारीवर त्यानं काय शेरा मारला मला माहीत नाही. पंधरा दिवसांनी पोलीस उठला. हुबळीला हलवायचा हुकूम पुढील आदेशापर्यंत थांबवला गेला. पुढचा आदेश केव्हाही येऊ शकतो. कॉलनीनं दुसरा अर्ज पाठवला आहे. तो एका वकिलांनी लिहिला. दवाखान्यात आलेली त्याची प्रत नर्सनं मला दाखवली, त्यात तीन चुका आहेत.

आता इकडे काय आहे ते लिहिते, म्हणजे तुम्हाला कुणा दुसऱ्याला विचारावं लागणार नाही. वहिनींकडून वाटी येत नाही, मीही पाठवत नाही. संक्रांतीला मला कुणी बोलावलं नाही. नव्या मोटरवाल्यानं दोन बंगल्यांच्या मोटरी जाळल्या, तरी लोक त्यालाच बोलावतात. अर्ज लिहायला माझ्याकडे कुणी येत नाही आणि कुणी आलं तर मी लिहिणार नाही. जुना मोटरवाला अमरगोळला मार्केट यार्डाजवळ एका दुकानात वाइंडिंगचं काम करतो. आपल्या कॉलनीतून मिळायचं त्याच्या निम्मंही तिथं नाही, असं नर्स सांगते. तो माझ्याशी बोलत नाही. मी सकाळी त्या बाजूनं जाते तेव्हा तो कट्ट्यावर असला तर मान खालीच ठेवतो, आणि मी थांबत नाही.

खिडकी नऊला उघडते. रांग पूर्वीएवढी नाही, सुईवर गेलेल्या दोघांपैकी एकच परत आला. बाकीचे येतात. तोही रोज येतो, औषध घेतो आणि कामावर जातो.

तुमची,
आजी